पस्तीस सेंटांची पुस्तकं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज म्हणून माझ्या कपाटातल्या जुन्या अमेरिकन विनोदी पेपरबॅकबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, 'मॅड', 'पीनट्स', 'डेनिस द मेनस' वगैरे, ती खिशात मावणारी कार्टूनची पुस्तकं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत. ज्यांना फक्त "विकून किती मिळतील" एवढंच हवंय त्यांचं उत्तर पहिल्याच प्रश्नात आहे, पुढचं नाही वाचलं तरी मी रागावणार नाही.

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या घराचा एस्टेट सेल (घरातल्या सगळ्या सामानाची विक्री) होता, तिथे पाच डॉलरला खोकं भरून छोटी कार्टूनची पुस्तकं मिळाली, साठ-सत्तर तरी असतील. नवरा म्हणतो कचरा उचलून आणलास, मी म्हणते खजिना आहे. कोण बरोबर? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: ताई, पाच डॉलरला साठ पुस्तकं म्हणजे व्यवहार तुम्हीच जिंकलात, पण खजिना म्हणाल तर जरा थांबा. ही पुस्तकं लाखांनी छापली गेली, औषधांच्या दुकानात, बस स्टँडवर, सिगारेटच्या काउंटरशेजारी फिरत्या तारेच्या स्टँडवर लटकायची, लोक घ्यायचे, वाचायचे, मागच्या खिशात घालून त्याच्यावरच बसायचे. त्यामुळे खोक्यातली बहुतेक पुस्तकं दोन-चार डॉलरच्या वर जाणार नाहीत. पण खोकं देऊन टाकण्याआधी एक काम करा, टेबलावर बसा आणि एकेका पुस्तकाचं टायटल पान उलटून त्याच्या मागचं पान बघा, ते बारीक अक्षरातलं, जे कोणी कधीच वाचत नाही. सगळी कुंडली तिथे असते.

उदाहरणार्थ सिग्नेट या प्रकाशनाची 'मॅड' पुस्तकं घ्या. त्या पानावर पहिली छपाई कोणत्या महिन्यात, दुसरी कधी, अशी उतरंड दिलेली असते, आणि तुमच्या हातातलं पुस्तक त्या उतरंडीतलं शेवटचं. पहिली छपाई म्हणून लोक आनंदाने उड्या मारतात आणि नीट बघितलं तर पंधरावी निघते. दुसरी खूण कव्हरवर. किंमत बघा आणि नंबराच्या आधीचं अक्षर बघा, कारण सिग्नेटमध्ये ते अक्षर म्हणजेच किंमत: एस म्हणजे ३५ सेंट, डी म्हणजे ५०, पी म्हणजे ६०, टी म्हणजे ७५. जे पुस्तक १९५९ साली पहिल्यांदा आलं ते ३५ सेंटांचं असायला हवं, तुमच्यावर ६० सेंट आणि पी असेल तर तुमची प्रत नंतरची, मग विकणारा काहीही शपथ घेऊन सांगो. मला हे अक्षरांचं गणित कळायला दोन वर्षं लागली, कोणी सांगितलंच नाही, म्हणून इथे फुकट सांगतोय.

आता खोक्यात खरोखर काय शोधायचं ते. 'मॅड'ची पहिली पाच पुस्तकं सिग्नेटची नाहीत, बॅलेन्टाइन या दुसऱ्या प्रकाशकाची आहेत, १९५४ चं 'द मॅड रीडर' पहिलं, मग 'मॅड स्ट्राइक्स बॅक', 'इनसाइड मॅड', 'अटर्ली मॅड' आणि १९५८ चं 'द ब्रदर्स मॅड'. यांची पहिली छपाई आणि बरी अवस्था, दोन्ही एकत्र सापडलं तर बाजूला काढून ठेवा. 'मॅड' उभं करणाऱ्या हार्वी कुर्ट्झमनचं १९५९ चं कार्टूनचं 'जंगल बुक' दिसलं तर नवऱ्याला हाक मारून दाखवा, त्याबद्दल पुढे येतंच आहे. आणि शेल सिल्वरस्टाइनचं 'ग्रॅब युअर सॉक्स', बॅलेन्टाइन, १९५६. हा माणूस नंतर लहान मुलांच्या कवितांमुळे घराघरात पोचला, पण त्याआधी अमेरिकन सैन्यात होता, पूर्वेकडच्या सैनिकांच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' पेपरसाठी व्यंगचित्रं काढायचा, आणि त्यातलीच या पुस्तकात आहेत. कवितांवर प्रेम करणारे आणि कार्टून जमवणारे दोघंही त्याच्या मागे असतात त्यामुळे ते स्वस्तात मिळत नाही. तुमच्या खोक्यात असण्याची शक्यता कमीच, पण शोधायला काय जातंय.

प्रश्न: ऑनलाइन घेतलेलं पुस्तक 'व्हेरी गुड' कंडिशनचं म्हणून लिहिलं होतं, आलं तर कण्याला तीन सुरकुत्या, कोपरा दुमडलेला. फसवलं का मला?

उत्तर: नाही हो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ही भाषा आहे. वरून उतरत या: मिंट, निअर मिंट, फाइन, मग व्हेरी गुड, मग गुड, फेअर, पुअर. 'व्हेरी गुड' म्हणजे वाचलेलं, वापरलेलं, पण अंगाने शाबूत. 'गुड' म्हणजे खरं तर बरंच थकलेलं. आणि 'रीडिंग कॉपी' असं लिहिलं असेल तर समजा की पानं सगळी आहेत एवढीच हमी. घेण्याआधी कण्याचा फोटो मागा, समोरून आणि वरून दोन्ही. वरून बघितलं की पुस्तक एका अंगाला कललंय का ते लगेच दिसतं, समोरच्या फोटोत ते कधीच दिसत नाही. दुरून डोंगर साजरे.

प्रश्न: पीनट्सची दोन पॉकेट पुस्तकं घेतली, नावं वेगळी, आणि लायब्ररीतून आणलेल्या तिसऱ्याच नावाच्या मोठ्या पुस्तकात दोन्हीतली कार्टून सापडली. मग मी काय विकत घेतलं? (एक वाचक, टेक्सस)

उत्तर: तुम्ही एकाच पुस्तकाचे दोन अर्धे विकत घेतलेत, अभिनंदन, आता पूर्ण झालं. गंमत अशी आहे. चार्ल्स शुल्झची पीनट्स ही कार्टूनची पट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सात वर्तमानपत्रांत सुरू झाली, आणि १९५२ पासून राइनहार्ट कंपनी (तीच पुढे होल्ट, राइनहार्ट अँड विन्स्टन झाली) मोठ्या आकारात एक डॉलरला संग्रह काढायला लागली. साठच्या दशकात फॉसेटने आपल्या क्रेस्ट मालिकेत तेच संग्रह खिशाच्या आकारात काढायचं ठरवलं, पण एका मोठ्या पुस्तकातली कार्टून एका छोट्यात मावेनात, म्हणून एकाची दोन केली आणि दोघांना नवीन नावं दिली. 'मोअर पीनट्स'चं असंच झालं, पहिला भाग 'द वंडरफुल वर्ल्ड ऑफ पीनट्स' आणि दुसरा 'हे, पीनट्स!'. लपवलं मात्र नाही कोणी, कोणत्या पुस्तकातली निवडक कार्टून आहेत ते छापलेलं असतं, फक्त अक्षर इतकं लहान की दुकानात उभ्या उभ्या कोण वाचतंय.

त्यामुळे नुसत्या नावांवरून यादी करू नका, "मूळ संग्रह अमुक, भाग पहिला" अशी नोंद ठेवा, नाहीतर दर दोन महिन्यांनी तेच तेच घरी येईल. माझ्याकडे एकाच कार्टूनच्या चार प्रती चार नावांखाली आहेत, आणि त्यातली एक मी स्वतःलाच वाढदिवसाची भेट म्हणून घेतली होती.

तसं बघितलं तर पीनट्स त्या छोट्या पानावर फार छान बसते. ती पट्टी सुरुवातीला विकलीच गेली "जागा वाचवणारी" म्हणून, चार सारख्या मापाच्या चौकटी, संपादकाने आडव्या लावाव्या, उभ्या लावाव्या, नाहीतर दोनावर दोन ठेवून चौरस करावा. शुल्झना ते बंधन आवडायचं नाही, पण पॉकेट पुस्तकाच्या पानावर तीच सोय कामी आली.

प्रश्न: मग 'मॅड'ची पुस्तकं आडवी धरून का वाचावी लागतात? मान दुखते. आणि मासिकातलं तेच पुस्तकात असेल तर पुस्तक कशाला घ्यायचं?

उत्तर: मान दुखते कारण ते पान मुळात एवढ्या पुस्तकासाठी काढलेलंच नव्हतं. 'मॅड' १९५२ मध्ये कॉमिक बुक म्हणून सुरू झालं, रंगीत, मोठं पान, एकेका पानावर सहा-आठ चौकटी, आणि चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात चित्रकार विल एल्डरने घुसवलेल्या पाट्या, उंदीर, जाहिराती, म्हणजे मुख्य विनोद एकीकडे आणि त्याच्या आजूबाजूला आणखी बारा. ते साडेचार इंचापेक्षा कमी रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या पानात कोंबायचं म्हणजे दोनच रस्ते, एकतर पान फिरवून आडवं छापा किंवा चौकटी कापून नव्याने मांडा. बॅलेन्टाइनच्या पुस्तकांत बराचसा कापाकापीचा मामला आहे. कुठे एका पानावर दोन चौकटी, कुठे एकच, आणि त्यामुळे एक गोष्ट घडली जी मला तरी आवडते: मासिकात जो शेवटचा धक्का डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसायचा तो इथे पान उलटल्याशिवाय कळत नाही. रंग गेला, एल्डरचे बारीक उंदीर चिखलात गेले, पण टायमिंग कधीकधी सुधारलं. दोन्ही शेजारी ठेवून एकच गोष्ट वाचून बघा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

'द मॅड रीडर'च्या कव्हरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते दात पडलेलं, बाहेर आलेल्या कानांचं, "मला काय त्याचं" असं हसणारं पोर, अल्फ्रेड ई. न्यूमन, ते 'मॅड'वाल्यांनी निर्माण केलेलं नाही. तो चेहरा कित्येक दशकं जाहिरातींत, पोस्टकार्डांवर फिरत होता. कुर्ट्झमन बॅलेन्टाइनच्या ऑफिसात गेला होता तिथे संपादक बर्नार्ड शर-क्लिफच्या बोर्डावर असलंच एक पोस्टकार्ड टाचलेलं दिसलं, आणि तो चेहरा तिथून थेट पहिल्या पुस्तकाच्या कव्हरवर. म्हणजे 'मॅड'चा जगप्रसिद्ध चेहरा मासिकाआधी या ३५ सेंटांच्या पुस्तकावर आला, आणि नावसुद्धा तेव्हा पक्कं नव्हतं, ते १९५६ मध्ये चिकटलं.

एक सावधगिरी, २००२ मध्ये 'मॅड'च्या पन्नाशीनिमित्त ही जुनी पुस्तकं जुन्याच कव्हरसकट पुन्हा छापली गेलीत. वाचायला उत्तम आहेत, कागदही बरा. पण कोणी ती १९५४ ची म्हणून विकत असेल तर मागे वळवा, बारकोड असेल तर विषय संपला.

प्रश्न: 'जंगल बुक'बद्दल एवढं काय आहे? मी चाळलं, मला तर अक्षरसुद्धा वाचता येईना.

उत्तर: अक्षर त्याचं स्वतःचंच आहे, घाईघाईचं, आणि हो, त्रास होतो. पण पार्श्वभूमी ऐका. कुर्ट्झमनने 'मॅड' उभं केलं आणि १९५६ मध्ये मालकाशी फाटल्यावर बाहेर पडला. मग प्लेबॉयवाल्या ह्यू हेफ्नरच्या पैशाने 'ट्रम्प' नावाचं चकचकीत मासिक काढलं, ते दोन अंकांत बंद, मग चित्रकार मित्रांनी स्वतःचे पैसे घालून 'हंबग' काढलं, ते अकरा अंकांत बंद. खिसा रिकामा, आणि 'मॅड'ची पुस्तकं सिग्नेटकडे गेल्यामुळे बॅलेन्टाइनलाही काहीतरी हवंच होतं. त्यातून १९५९ मध्ये हे पुस्तक आलं. चार लांब गोष्टी, कुठल्याही मासिकातून उचललेल्या नाहीत, सगळं नवीन, सगळं एका माणसाने लिहिलेलं आणि काढलेलं. एक टीव्हीवरच्या जॅझवाल्या डिटेक्टिव्हची टर, एक वेस्टर्नची, एक दक्षिणेतल्या सडक्या गावाची, आणि एक प्रकाशनाच्या ऑफिसात आदर्श घेऊन शिरलेला पोरगा हळूहळू बाकीच्यांसारखाच कसा होतो त्याची. ती शेवटची वाचताना हसू येतं आणि जरा आवंढाही येतो, कारण तो माणूस कुठून बोलतोय ते कळतं.

आणि विकलं नाही. लोकांना पॉकेट पुस्तकात ओळखीचं कार्टून हवं होतं, नवीन नको होतं. दुसरा भाग निघालाच नाही. आज कॉमिकचा इतिहास लिहिणारे याला ग्राफिक नॉव्हेलचा पूर्वज वगैरे म्हणतात, १९८६ मध्ये आणि नंतर २०१४ मध्ये मोठ्या आकारात पुन्हा छापलं गेलंय, आणि खरं सांगू का, तुम्ही तेच घ्या. अक्षर वाचता येईल. मूळ प्रत माझ्यासारख्या हट्टी लोकांसाठी राहू दे.

प्रश्न: पानं पिवळी पडून कडा तुटतायत, एका पुस्तकाचा कणा मधोमध फुटलाय. सेलोटेप लावली तर चालेल का?

उत्तर: नका! हा प्रश्न वाचून माझाच हात पुढे आला थांबवायला. मी हे पाप केलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी मला 'द मॅड रीडर' मिळालं, कणा खालून बोटभर उकललेला, मी मोठ्या प्रेमाने पारदर्शक टेप लावली, किती नीट दिसतंय म्हणून खूश झालो. पाच-सहा वर्षांनी टेप पिवळी झाली, मग कडक झाली, मग एक दिवस पापुद्र्यासारखी गळून पडली, पण जाताना गोंद कव्हरमध्ये मुरवून गेली. आज तिथे तेलकट तपकिरी पट्टा आहे, हात लावला की अजून चिकट लागतो, आणि कडेची शाई टेपबरोबर गेली ती गेलीच. मूळ फट राहिली असती तर पुस्तक जास्त किमतीचं राहिलं असतं. हात दाखवून अवलक्षण.

पिवळेपणाचं कारण कागदातच आहे. लाकूड नुसतं दळून केलेला स्वस्त लगदा, त्यात लिग्निन तसंच राहतं, उजेड आणि हवा लागली की ते तपकिरी होत जातं, आणि कागद बनवताना घातलेली आम्लं आतून धागे तोडत राहतात. झालेलं उलटवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो. ऊन नको, बेसमेंट नको, माळा तर अजिबात नको कारण उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. घरात जिथे तुम्हाला स्वतःला बसावंसं वाटतं तिथे पुस्तक ठेवा, एवढं सोपं आहे. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची, ती मऊ पीव्हीसीची नको. आम्लमुक्त पुठ्ठा मागे घातलात तर कोपरे वाचतात.

कणा फुटलेल्याला काही करू नका, पिशवीत घाला आणि वाचायला दुसरी स्वस्त प्रत घ्या. यांची पानं शिवलेली नसतात, नुसती गोंदावर उभी असतात, आणि तो गोंद आता बिस्किटासारखा झालाय, पुस्तक सपाट उघडलं की कट्ट असा आवाज येतो आणि मग पानं सुटी. वाचताना जेमतेम हात शिरेल इतकंच उघडायचं. शेल्फमधून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, शेजारची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं कमरेला धरून काढा. चाळीसच्या दशकातल्या काही पुस्तकांवर कव्हरला पातळ पारदर्शक थर असतो तो सुटायला लागतो, तो सोलायचा मोह होतो, उन्हाने करपलेली कातडी सोलावी तसा, सोलू नका, शाई त्याच्याबरोबर येते.

कुबट वास येत असेल तर मोठ्या बंद डब्यात पुस्तक उभं ठेवा, बाजूला वाटीत बेकिंग सोडा, एकमेकांना लागू द्यायचं नाही, आठवडाभर. बुरशीचे ठिपके दिसत असतील तर मात्र ते पुस्तक घरात आणूच नका, कितीही दुर्मिळ असो.

प्रश्न: थ्रिफ्ट स्टोअरमध्ये कव्हर नसलेली पुस्तकं पंचवीस सेंटला दिसली. घ्यावीत का?

उत्तर: वाचायला घ्या, संग्रहात धरू नका. फाटून गेलेलं कव्हर वेगळं आणि फाडून काढलेलं वेगळं. अमेरिकेत न विकलेली पॉकेट पुस्तकं परत पाठवायचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त व्हायचा, म्हणून दुकानदार फक्त कव्हर फाडून प्रकाशकाला पाठवायचे, त्याचे पैसे परत मिळायचे, आणि उरलेलं धड नष्ट करायचं असा करार. काही धडं मागच्या दाराने बाजारात यायची. नंतरच्या पुस्तकांवर तर छापलेलंच असतं की कव्हरशिवाय घेतलंत तर हा माल चोरीचा असू शकतो, लेखकाला यातला छदामही मिळालेला नाही. मला एकदा एका विक्रेत्याने असं एक पुस्तक कलर झेरॉक्सचं कव्हर चिकटवून पाठवलं होतं, छान जमवलं होतं हं, फक्त आतून कोरं पांढरं.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांच्या जुन्या सामानात आडवं, चेकबुकासारखं पुस्तक निघालं, स्टेपल केलेलं, वर मूळ पुस्तकाच्या कव्हरचा छोटा फोटो. हे काय आहे? (एक वाचक, ओहायो)

उत्तर: दादा, सांभाळा ते! ही आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना फुकट वाटण्यासाठी छापलेली. १९४३ ते १९४७, एकूण १,३२२ पुस्तकं, आणि प्रती १२ कोटींच्या वर. आडवी का, तर ती मासिकांच्या छपाई यंत्रांवर छापली, एका पानावर दोन पुस्तकं वर-खाली, आणि मग मधून कापली की दोन आडवी पुस्तकं तयार. गणवेशाच्या खिशात बसायची. यात नुसती कार्टून शोधू नका, पण विनोदी लेखन भरपूर आहे: जेम्स थर्बर, रॉबर्ट बेंचली, एच. अ‍ॅलन स्मिथ. खंदकात बसलेल्या पोरांना काय हवं असणार हे कुणीतरी नीट ओळखलं होतं.

एवढी छापूनही आज चांगल्या अवस्थेत कमी दिसतात, कारण हातोहात फिरून, भिजून, फाटून संपली. स्टेपल गंजलेली असेल तर उपसू नका, गंजाचा डाग कागदात उतरलेला असतो आणि ओढताना भोक मोठं होतं. संपूर्ण संच बघायचा असेल तर वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. आणि तुम्ही ओहायोचेच, तर कोलंबसला स्टेट युनिव्हर्सिटीची बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अजून बघितली नसेल तर या वीकेंडलाच जा. हे पुस्तक तिथे सापडेल म्हणून नाही म्हणत, मूळ शाईतली चित्रं समोर बघायला. छोट्या पुस्तकात जी रेघ काळा गोळा दिसते तिथे ब्रश कसा फिरलाय ते कळतं.

प्रश्न: ही पुस्तकं दहा-बारा वर्षांच्या मुलांना द्यावीत का?

उत्तर: काही द्या, काही तुम्ही आधी वाचा. पन्नास-साठच्या दशकातल्या व्यंगचित्रांत बायको म्हणजे लाटणं, सेक्रेटरी म्हणजे मांडीवर, आणि आशियाई, नेटिव्ह अमेरिकन, काळे लोक कसे काढलेत ते बघून आज मान खाली जाते. ते झाकून ठेवा असं मी म्हणणार नाही, पण एकट्या मुलाच्या हातात देऊन निघूनही जाऊ नका. दुसरी अडचण वेगळीच. 'मॅड'मधली अर्धी टर त्या वेळच्या टीव्ही कार्यक्रमांची आणि सिगारेटच्या जाहिरातींची आहे, मूळ माहीत नसेल तर टर कशाची उडवली तेच कळत नाही. 'मॅड'चा व्यंगचित्रकार डॉन मार्टिन याची पुस्तकं द्या, शब्द कमी, आवाज जास्त, पावलं पुढून दुमडलेली माणसं, माझी भाची नऊ वर्षांची असताना तासभर गडगडत होती. 'मॅड'मधलंच 'स्पाय व्हर्सेस स्पाय' द्या, त्यात शब्दच नाहीत. पीनट्स तर द्याच.

प्रश्न: मिळतात कुठे?

उत्तर: लायब्ररीच्या मित्रमंडळांचे सेल, शेवटच्या दिवशी पिशवीभर पुस्तकं एका भावात देतात तेव्हा जा. एस्टेट सेल. गावातली जुन्या पुस्तकांची दुकानं, पण तिथे ह्यूमर लिहिलेल्या शेल्फवर नका थांबू, सायन्स फिक्शनच्या खालच्या रांगेत आणि मुलांच्या विभागात खूपदा पडलेली असतात. कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला जुन्या पेपरबॅकचा खास मेळा भरतो, तिकडे राहत असाल तर चुकवू नका. ऑनलाइन एकेक घेऊ नका, दोन डॉलरचं पुस्तक आणि त्याच्या दुप्पट टपाल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यापेक्षा दहा-वीसचा लॉट घ्या आणि मीडिया मेलने मागवा, पुस्तकांसाठी पोस्टाचा तो स्वस्त दर आहे, उशीर होतो पण साठ वर्षं थांबलेल्या पुस्तकाला आठवडाभराचं काय. विकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घालायला सांगा.

प्रश्न: काका, मला 'मॅड'चं एक पुस्तक मिळालंय त्यात कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय. खोडरबरने खोडलं तर किंमत वाढेल का? (वय १४, इलिनॉय)

उत्तर: बाळा, आधी सांग, अल जॅफीचं 'स्नॅपी आन्सर्स टू स्टुपिड क्वेश्चन्स' आहे का ते? १९६८ चं. कारण त्यात कोणीतरी खुळा प्रश्न विचारतो, त्याला टोमणे मारणारी दोन-तीन उत्तरं छापलेली असतात, आणि मग तुझं स्वतःचं उत्तर लिहायला जागा रिकामी सोडलेली असते. म्हणजे पुस्तकच सांगतंय लिही म्हणून, आणि कोणी लिहिलं की आम्ही जमवणारे लोक नाक मुरडून त्याला 'डिफेक्ट' म्हणतो. नियमाने बघितलं तर हो, कोऱ्या प्रतीला जास्त पैसे मिळतात. पण खोडू नकोस. एकतर तो कागद आता इतका मऊ झालाय की रबर घासलं की पेन्सिलबरोबर कागदाचा थरही निघतो आणि मग तिथे केसाळ पांढरा डाग दिसतो, त्याने किंमत आणखी पडते.

आणि दुसरं म्हणजे माझ्याकडे अशी एक प्रत आहे. एका डॉलरला घेतली होती, कव्हरचा कोपरा कुत्र्याने चावलाय. पहिल्या आठ-दहा रिकाम्या जागा कोणीतरी भरल्यात, गोल गोल अक्षर, पेन्सिल जोरात दाबलेली, मागच्या पानावर ठसा उमटलाय. पहिली दोन उत्तरं छापलेल्याचीच नक्कल. तिसरं खरंच चांगलं आहे, मी मोठ्याने हसलो होतो. मग एका ठिकाणी लिहून खोडलंय, परत लिहिलंय, परत खोडलंय, कागद पातळ होऊन पलीकडचं चित्र दिसतंय. त्याच्या पुढच्या जागेत फक्त "डॅडला विचारणे" असं लिहिलंय, आणि तिथून शेवटच्या पानापर्यंत सगळ्या जागा कोऱ्या आहेत.